टायरमधून आलेला डास

उत्तर इटलीत रावेन्नाजवळ साव्हिओ नदीच्या दोन काठांवर कास्तिल्योने याच नावाची दोन खेडी आहेत. २००७च्या उन्हाळ्यात तिथे घरोघरी माणसं तापानं पडू लागली. अंगावर पुरळ उठायचं आणि सांधे असे धरायचे की खुर्चीतून उठणं मुश्कील. कुणी नदीच्या पाण्याला दोष दिला, कुणी बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांना. डॉक्टरांना आधी वाळूमाशीचा संशय आला. ऑगस्टअखेर रक्ताच्या तपासण्यांतून निदान झालं : चिकुनगुनिया. आपल्याकडे २००६च्या साथीत ज्यांनी तो भोगला, त्यांनी लक्षणं ऐकूनच नाव सांगितलं असतं. युरोपात मात्र तिथल्याच डासांनी हा रोग पसरवल्याची ही पहिली नोंद होती.

माग काढता काढता तपास केरळपर्यंत पोहोचला. तिथे तेव्हा मोठी साथ होती. तिथून आलेले एक गृहस्थ जूनमध्ये यातल्या एका खेड्यात नातेवाइकांकडे गेले आणि तापले. जुलैच्या सुरुवातीला त्यांच्या नात्यातला माणूस आजारी पडला. सप्टेंबरअखेर २०५ रुग्ण झाले आणि ८३ वर्षांचे एक आजोबा दगावले.

पृथ्वी तापतेय म्हणून उष्ण प्रदेशातले रोग उत्तरेला सरकताहेत, असं स्पष्टीकरण लगेच पुढे आलं. ते खोटं नाही, पण मला ते अपुरं वाटतं. कारण या साथीचा डास, एडिस अल्बोपिक्टस, तोवर इटलीत सतरा वर्षं मुरलेला होता. पायांवर पांढरे पट्टे असलेला आणि भरदिवसा चावणारा हा आशियाई डास १९९०मध्ये जेनोव्हात प्रथम सापडला. तो आला जुन्या टायरांच्या व्यापारातून. पुढे इटलीतल्या एका टायर डेपोतल्या डासांचा माग थेट अमेरिकेतल्या अटलांटापर्यंत गेला, आणि अमेरिकेत ही जात जपानहून, पुन्हा टायरांतूनच, पोहोचली होती.

टायरच का? या डासाची मादी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर कडेला अंडी घालते. पाणी आटलं तरी अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा भिजली की फुटतात. समुद्रप्रवासाला याहून सोयीचा प्रवासी कोणता! त्यातून जपानी वाणाला थंडीची सवय. दिवस लहान होऊ लागले की मादीला ते कळतं आणि ती अशी अंडी घालते, ज्यांतली अळी हिवाळाभर निजून राहते. म्हणजे तापमान वाढण्याची वाट पाहण्याची या डासाला गरजच नव्हती. उबेचा फायदा त्याला झाला, होतोही आहे. हंगाम लांबतो आणि विषाणू डासाच्या शरीरात लवकर वाढतो. पण दार उघडलं ते मालवाहतुकीनं.

विषाणूचीही तयारी झालेली होती. १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर भारतात हा रोग जवळपास विस्मरणात गेला. २००५-०६मध्ये तो परतला, तेव्हा विषाणूचा वाण आफ्रिकी असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं दाखवलं. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोक आजारी पडले. तिथे विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात २२६व्या जागी ॲलानिनऐवजी व्हॅलिन आलं. बदल एवढासाच, पण त्यामुळे विषाणू अल्बोपिक्टसच्या आतड्यात सहज रुजू लागला. प्रयोगशाळेत तर तो दोन दिवसांतच डासाच्या लाळेत उतरलेला दिसला. इटलीतल्या रुग्णांत सापडलेल्या विषाणूतही हाच बदल होता.

कास्तिल्योनेत घरोघर फिरून कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या केल्या गेल्या, फवारणी झाली, त्या भागातलं रक्तदान थांबवलं गेलं. शरद ऋतूबरोबर साथ विझली. अंडी हिवाळा काढतात, पण त्यांच्याबरोबर विषाणू सहसा टिकत नाही. म्हणून युरोपात बहुतेक साथींना दर उन्हाळ्यात नव्यानं कुणी तापलेला प्रवासी लागतो, तोही रक्तात विषाणू असण्याच्या पाच-सात दिवसांत डास चावलेला. एरवी हा योग जुळणं अवघड. २०२५मध्ये रेयुनियनवर पुन्हा मोठी साथ उसळली आणि त्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या मुख्य भूमीवर स्थानिक लागणीचे सातशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. रेयुनियन हा फ्रान्सचाच जिल्हा आहे. तिथून पॅरिसला येणारं विमान देशांतर्गत असतं.