बँक अर्ज का नाकारते? : पत, ऐपत आणि अब्रू

'पत', 'ऐपत' आणि 'अब्रू' हे तीन शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ऐपत म्हणजे देणे फेडण्याचे सामर्थ्य. पत म्हणजे ते फेडले जाईल असा दुसऱ्यास वाटणारा विश्वास. आणि अब्रू म्हणजे मनुष्याची समाजातील प्रतिष्ठा. क्रेडिट कार्डासाठी केलेला अर्ज बँकेने नामंजूर केला म्हणजे आपली अब्रूच गेली असे समजून कित्येक गृहस्थ ती गोष्ट घरातसुद्धा बोलत नाहीत. वस्तुतः बँकेने अब्रूविषयी काहीच म्हटलेले नसते. तिने पत व ऐपत यांचे कागद तेवढे पाहिलेले असतात. हा भेद आमच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या ध्यानी यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कसालच्या बाजारपेठेतील दुकानदार उधारी देतो ती माणूस पाहून. घर कोणते, वडील कोण, मागच्या गणपतीतली बाकी केव्हा चुकती झाली, हे सर्व त्यास ठाऊक असते. दूरच्या शहरात बसून अर्ज तपासणाऱ्यास यांपैकी काहीच ठाऊक नसते. म्हणून त्यास दुसऱ्या वहीचा आधार घ्यावा लागतो. ती वही म्हणजे पतमाहिती कंपन्यांचा अहवाल होय. अशी पहिली कंपनी, सिबिल, आपल्या देशात २००० साली स्थापन झाली व २००५ साली या विषयाचा स्वतंत्र कायदा झाला. आता सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करितात. कोणी किती कर्ज घेतले, हप्ता कोणत्या महिन्यात चुकला, कोण कोणास जामीन राहिला, ही माहिती बँका त्यांस नियमाने कळवितात. तीवरून ३०० पासून ९०० पर्यंत गुण दिले जातात. सामान्यतः ७५० वरील गुण चांगले समजतात.

आता नकाराची कारणे पाहू. पहिले कारण ऐकून आश्चर्य वाटेल. जन्मात कोणाचे देणे ठेवले नाही, अशा मनुष्याचाही अर्ज परत येतो. कारण त्याची पाटी कोरी असते. दुकानदाराची उधारी त्याने वेळच्या वेळी फेडली असेल. परंतु दुकानदाराची वही बँकेस दिसत नाही. जी पतसंस्था या कंपन्यांना माहिती पुरवीत नाही, तेथील चोख व्यवहारही असाच अदृश्य राहतो. केवळ पूर्वीचा इतिहास नाही एवढ्यावरून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे सरकारने २०२५ साली लोकसभेत स्पष्ट केले. तथापि कोऱ्या पाटीवर विश्वास ठेवण्यास बँका कचरतात, हे खरे.

दुसरे कारण हप्त्यातील अनियमितपणा. थकलेले कर्ज तडजोडीने, म्हणजे काही रक्कम सोडवून घेऊन, मिटविले असता कर्जदारास वाटते की प्रकरण संपले; पण अहवालात ते पुरे फेडले अशी नोंद न होता तडजोडीची नोंद होते, आणि ती नोंद पुढे वर्षानुवर्षे बोलत राहते. तिसरे कारण जामीनकी. भिडेखातर शेजाऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही केली आणि शेजाऱ्याचे हप्ते थकले, तर त्याचा डाग जामीनदाराच्या अहवालावरही पडू शकतो.

चौथे कारण उत्पन्नाचे. नोकरदारास महिन्याचे पगारपत्रक दाखविता येते. आमच्या भागातील बागायतदाराचे उत्पन्न आंबा-काजूच्या हंगामात एकदम येते, आणि पुष्कळदा रोखीने येते. जमिनीचा सातबारा पुढे करावा, तर त्यावर चुलत्या-पुतण्यांची अनेक नावे सामाईक असतात. घरात सुबत्ता असूनही कागदावर ऐपत दिसत नाही, ती यामुळे. अशा गृहस्थाने विक्रीचे पैसे खात्यात जमा करावे व दरवर्षी आयकराचे विवरणपत्र भरावे, म्हणजे ऐपतीस लेखी पुरावा मिळतो.

पाचवे कारण निव्वळ कागदी असते. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरे. विवाहानंतर आडनाव बदलले ते एका ठिकाणी, दुसऱ्या ठिकाणी माहेरचेच राहिले. पत्ता मुंबईच्या खोलीचा आणि राहणे गावी. अशा विसंगतीमुळे निर्दोष मनुष्याचाही अर्ज अडतो.

नकार आल्यावर काय करावे? प्रथम कारण विचारावे. अर्ज नाकारल्यास त्याचे नेमके कारण अर्जदारास लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्ड देणाऱ्या बँकांना बजाविले आहे. त्यानंतर आपला अहवाल मागवावा. चारही कंपन्यांकडून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण घटत नाहीत. त्यात चूक आढळल्यास संबंधित बँकेस व कंपनीस लेखी कळवावे. ३० दिवसांत तक्रारीचे निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ सालापासून अमलात आहे. बँक दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ज्याची पाटी कोरी आहे त्याने मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड घ्यावे, त्यावर थोडी खरेदी करावी आणि दर महिन्याचे बिल पुरतेपणी फेडावे.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. एका बँकेने नाकारले म्हणून त्याच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज करणे हा सर्वांत सामान्य दोष होय. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि हा मनुष्य पैशाच्या विवंचनेत आहे असा तर्क पाचवी बँक करिते. पैसे घेऊन गुण वाढवून देतो असे सांगणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. खरी नोंद कोणासही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्यास मध्यस्थाची गरज नाही. तसेच कार्ड मिळाले म्हणजे धन मिळाले, असेही कोणी समजू नये. बिलातील केवळ किमान रक्कम भरणाऱ्यास उरलेल्या देण्यावर पुष्कळ बँका दरमहा तीन ते साडेतीन टक्के व्याज लावतात. म्हणजे वर्षास छत्तीस ते बेचाळीस टक्के! पूर्वीच्या सावकारास नावे ठेवणाऱ्या आपण हा हिशेब विसरू नये.

अठरा वर्षांखालील आमच्या विद्यार्थ्यांस स्वतःच्या नावाचे कार्ड मिळावयाचे नाही. तरी हा विषय त्यांचा नाही असे मात्र नव्हे. उद्या उच्च शिक्षणासाठी कर्ज काढावयाचे झाल्यास बहुधा वडील किंवा आई सहकर्जदार असतात आणि बँक त्यांचाही अहवाल पाहते. वडिलांनी भिडेखातर केलेली एक सही मुलाच्या प्रवेशाच्या वेळी आड येऊ शकते. यास्तव, ज्यांस संगणक व मोबाईल उत्तम हाताळता येतो अशा आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी यंदाच्या सुटीत आईवडिलांजवळ बसून त्यांचा अहवाल मागविण्यास साहाय्य करावे. पासवर्ड व ओटीपी मात्र ज्याचे त्यानेच जपावे.

पत ही बोलण्याने मिळत नाही. ती लहान देणी वेळेवर फेडून, महिन्यामागून महिना, हळूहळू जमते. म्हणून नकाराचे पत्र आले तर ते लाजेने फाडून टाकू नये. ते घरातील सर्वांनी मिळून वाचावे, कारण शोधावे, आणि दुरुस्तीस त्याच दिवशी लागावे.