बिनतारी केंद्रांची दुरून देखरेख

डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली सरकारने नागरिकांसाठी विनामूल्य वाय-फायची योजना सुरू केली. एकूण ११,००० केंद्रे उभारावयाची व त्यांपैकी ४,००० बसथांब्यांवर ठेवावयाची, असा तिचा संकल्प होता. थांब्यावर बसविलेली अशी एखादी पेटी बंद पडली, तर ते कोणास व कसे कळावे? प्रत्येक पेटीपाशी पहारेकरी ठेवणे शक्य नाही. एवढ्या विस्तृत जाळ्याची देखरेख दुरूनच करावी लागते. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमपद्धतीस एसएनएमपी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९८८ साली प्रसिद्ध झाली.

मोबाइल फोनकडून आलेल्या रेडिओ-लहरींतील संदेश तारेवाटे इंटरनेटकडे पोहोचविणे, हे या पेटीचे मुख्य काम होय. तिच्यातच एक लहानसा प्रोग्रॅम चालू असतो. त्यास प्रतिनिधी म्हणू. मध्यवर्ती कार्यालयातील संगणक ठराविक वेळाने त्यास प्रश्न विचारतो. प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक ठरलेला असतो. उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.१.३.० या क्रमांकाचे उत्तर म्हणजे प्रतिनिधीचे काम सुरू झाल्यापासून लोटलेला काळ होय. तो सेकंदाच्या शतांशांत मिळतो. काल हा आकडा मोठा होता व आज अगदी लहान आहे, असे दिसल्यास मधल्या काळात पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाली असावी, असा तर्क करता येतो. मात्र सुमारे ४९७ दिवसांनी ही मोजणी आपोआपच शून्यावर येते, हेही ध्यानी ठेवावे लागते.

बिघाड होताच पेटी आपण होऊनही इशारा पाठवू शकते. परंतु असा इशारा वाटेत हरवू शकतो. आणि जिची वीजच गेली, ती पेटी इशारा देणार तरी कशी? म्हणून इशारा आला नाही, यावरून सर्व कुशल आहे असे मानता येत नाही. नियमाने प्रश्न विचारीत राहणे आवश्यक ठरते.

उत्तर न आल्यासही लगेच पेटीस दोष देऊ नये. प्रश्न पुन्हा विचारावा, व शेजारच्या पेट्यांकडे पाहावे. एकाच रस्त्यावरील सर्व पेट्या गप्प असतील, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात किंवा केबलमध्ये असतो.

याउलट, पेटी उत्तर देते म्हणजे नागरिकास सेवा मिळते, असेही नव्हे. तारेची बाजू ठीक असूनही रेडिओची बाजू निकामी झालेली असू शकते. यासाठी जोडलेल्या फोनांची संख्याही विचारतात. संध्याकाळच्या गर्दीत थांब्यावरील ही संख्या शून्य असेल, तर तेथे माणूस पाठविणे इष्ट.

या संवादाचे रक्षणही महत्त्वाचे आहे. पहिल्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करीत असे. २००२ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटविण्याची व मजकूर गुप्त राखण्याची सोय आहे. ती न वापरल्यास, ज्या वाटेने देखरेख होते त्याच वाटेने आगंतुकही आत शिरू शकतो.