बटाट्याच्या चिप्सची पारख

इंदूर शहराच्या उत्तरेस सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत मसाले व नमकीन यांचे अनेक कारखाने आहेत. शेवेसाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरीत आता चवदार चिप्सचा व्यापारही भरभराटीस आला असून, येथील एक चिप्स कंपनी २०१७ साली शेअर बाजारात नोंदली गेली. आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण हा माल विकतात. परंतु ज्यांच्या घरी कंदमूळ वर्ज्य आहे त्यांनी स्वतः न चाखता मालाची पारख कशी करावी, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्ही येथे देऊ इच्छितो.

प्रारंभी चिप्सना मिठाखेरीज दुसरी चव नसे. इंग्लंडात तर मीठ निळ्या कागदाच्या पुडीत निराळे देत. आयर्लंडात १९५४ साली स्थापन झालेल्या टेटो कंपनीने चीज व कांदा यांच्या चवीचे चिप्स काढले आणि चवींची परंपरा सुरू झाली.

पारखीचा पहिला विषय रंग होय. बटाट्यातील साखर वाढली की चिप्स तळताना काळवंडतात व कडवट लागतात. फार थंड शीतगृहात बटाट्यातील पिठाची साखर होते, हे त्याचे एक कारण. माळव्याच्या बटाट्यास कारखानदार पसंती देतात ती त्यात साखर कमी असते म्हणून. याच हेतूने सिमल्याच्या संशोधन संस्थेने १९९८ साली कुफरी चिप्सोना ही जात प्रसृत केली.

दुसरा विषय ध्वनी व वास यांचा. चिप मोडताच कडक आवाज यावा. तो मंद असेल तर आत ओल शिरली असे समजावे. पाकीट फोडताच खवट वास आल्यास तेल हवेने बिघडलेले असते; म्हणूनच उत्तम कारखाने पाकिटात नायट्रोजन वायू भरतात. मसाला प्रत्येक चिपेस सारखा लागला आहे की पाकिटाच्या तळाशी साचला आहे, हेही पाहावे.

चव मात्र बटाटा खाणाऱ्या विश्वासू माणसाकडून पाहवावी. नावे झाकून, सौम्यापासून तिखटाकडे क्रमाने, मध्ये साधे पाणी देत चाखावे आणि मत लगेच लिहून ठेवावे. जिभेवर प्रथम काय लागले व मागे काय उरले, हे दोन्ही नोंदवावे.

परंतु सर्वांत महत्त्वाची पारख डोळ्यांनी वाचण्याची आहे. हिरवी खूण शाकाहाराची हमी देते. कांदा, लसूण वा कंद नसल्याची नव्हे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते; चवीच्या मसाल्यातील लसणाची भुकटी शेवटी आढळते. कच्च्या केळ्याच्या चिप्समध्येही ती असू शकते. शिवाय केळी व बटाटे एकाच तेलात तळले जातात काय, हे यादी सांगत नाही. ते कारखानदारास विचारावे लागते.

व्रतस्थ ग्राहक आपल्या दुकानी येऊन विश्वासाने विचारतो. त्यास "ठाऊक नाही, विचारून सांगतो" असे उत्तर देण्यात कमीपणा नाही. न पाहता दिलेले "चालेल" मात्र त्याच्या नियमाचा भंग करते आणि आपल्या पेढीची पतही घालवते. एका पाकिटाच्या नफ्यापेक्षा ही पत मोठी आहे, असे आम्हांस वाटते.