कुत्र्यांची शर्यत

घोड्यांची शर्यत तुम्हांला ठाऊक आहे. इंग्लंडात कुत्र्यांचीही शर्यत लागते. मँचेस्टर शहरी १९२६ साली ती गोल मैदानावर सुरू झाली. कुत्रे ग्रेहाउंड जातीचे. सडपातळ, लांब पायांचे.

एका शर्यतीत सहा कुत्रे. प्रत्येकाच्या अंगावर रंगीत झूल व नंबर. एक नंबरची झूल तांबडी, दोनची निळी. पुढून विजेवर चालणारा खोटा ससा धावतो. पेटीची दारे एकदम उघडतात अन् कुत्रे जीव तोडून पळतात. ससा काही सापडत नाही! अर्ध्या मिनिटात खेळ खलास.

लोक पैसे लावतात. गिरणीतले मजूरही कामावरून सुटले की येत. आम्हांला मात्र कुत्र्याची काळजी वाटते. वळणावर टक्कर होते, पाय मोडतो. चार-पाच वर्षांत पळणे संपते. मग त्याला पोसायचे कोणी? काही भली माणसे अशा कुत्र्यांना घरी नेतात. मँचेस्टरचे ते मैदान २०२० साली बंद झाले.