आंब्याचा चीक आणि तुडतुड्यांचा चिकटा

वाराणसीच्या लंगडा आंब्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंब्याच्या बागेत हातांना लागणारा चिकटपणा दोन प्रकारचा असतो. पानांवरील तुडतुड्यांचा मधासारखा स्राव शर्करायुक्त असल्याने पाण्याने निघतो. मात्र तो आढळल्यास मोहोर व पालवीवरील तुडतुड्यांचे निरीक्षण अवश्य करावे.

फळाच्या देठातून उडणारा चीक तेलकट व दाहक असतो. त्यातील रेसॉर्सिनॉल वर्गातील द्रव्यांमुळे त्वचेवर पुरळ किंवा फोड येऊ शकतात. चीक लागताच हात साबण व भरपूर पाण्याने धुवावेत. वाळलेला चीक खोबरेल तेलाने सैल करून पुसावा, नंतर साबण लावावा. रॉकेल, थिनर वापरू नये. चिकाचे हात डोळ्यांना लावू नयेत. फळे देठासह काढल्यास चीक कमी उडतो.