होनोलुलूचे पत्र : केवालोचे दोन हौद

होनोलुलूच्या केवालो बंदराच्या काठी हवाई विद्यापीठाचे प्राध्यापक लुई हर्मन यांनी १९७० मध्ये डॉल्फिनची प्रयोगशाळा उभारली. एकमेकांना जोडलेले, सुमारे १५ मीटर व्यासाचे दोन हौद, एवढाच तिचा पसारा. पण आके आणि फिनिक्स या दोन माद्यांनी ती जगभर गाजवली.

फिनिक्सला संगणकाने काढलेल्या आवाजांतून सूचना मिळत, आकेला हातवाऱ्यांतून. नजरेतून उत्तर फुटू नये म्हणून प्रशिक्षक काळा चष्मा लावून काठावर उभा राही. ‘सर्फबोर्ड, पाइप, ने’ अशी खूण झाली की आके पाइप सर्फबोर्डकडे नेई. ‘पाइप, सर्फबोर्ड, ने’ म्हटले की उलट. क्रियापद शेवटी, अगदी आपल्या मराठीसारखे! कधीही न शिकवलेली नवी वाक्येही तिला उमगत. हौदात कडे आहे का, असे विचारले आणि ते नसले, तर ती ‘नाही’ची पट्टी दाबत असे. समोर नसलेल्या वस्तूबद्दल उत्तर देणारा हा जीव पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले, यात नवल नाही.

या दोघी येण्याआधीची गोष्ट मात्र इथला कायदा समजून घ्यायला महत्त्वाची आहे. मे १९७७ मध्ये प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दोघांनीच किया आणि पुका या डॉल्फिनना रात्री समुद्रात सोडून दिले. खटला चोरीचा झाला. ‘दुसऱ्याची हानी टाळण्यासाठी हे केले’, असा त्यांचा बचाव होता. कायद्यातल्या ‘दुसरा’ या शब्दात डॉल्फिन बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. दोघेही दोषी ठरले.

आके २००३ मध्ये गेली. दोघींचाही शेवट बंदिवासातच झाला. असे प्रयोग खुल्या समुद्रात जमले नसते, हे मला मान्य आहे. पण डॉल्फिनला हौदात ठेवू नये, याचा सर्वांत भक्कम पुरावा याच हौदांनी दिला, असे माझे स्पष्ट मत आहे. कायदाही आता कडक झाला आहे : २०२१ पासून हवाईच्या किनाऱ्यालगत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत जायलाही मनाई आहे.

भारताने तर २०१३ मध्येच परिपत्रक काढून डॉल्फिनच्या खेळांसाठीची केंद्रे नाकारली. त्या परिपत्रकात, डॉल्फिनला ‘मानवेतर व्यक्ती’ मानावे, या शास्त्रज्ञांच्या मताचा उल्लेख आहे.