निप्पूरच्या विटा आणि रिद्धपूरच्या पोथ्या

उर नगरीच्या चंद्रदेवाची प्रमुख पुजारीण आणि अक्कडच्या सार्गोन राजाची कन्या एन्हेदुआना, जिला ज्ञातनाम कवींमध्ये जगात आद्य स्थान दिले जाते, ती इसवी सनापूर्वी सुमारे २३०० मध्ये होऊन गेली. परंतु तिच्या नावावरील सुमेरी स्तोत्रे आपल्या हाती आली आहेत ती तिच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, निप्पूरसारख्या नगरांतील लेखनिकांनी व पाठशाळेतील विद्यार्थ्यांनी मातीच्या विटांवर उतरवलेल्या नकलांतून. मूळ हरपले आणि नकला उरल्या, एवढ्यावरून मूळ कसे होते हे ठरवावे तरी कसे?

अमरावती-अकोल्याकडील वाचकाला या प्रश्नाचा दाखला आपल्या उंबरठ्याशीच सापडेल. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, वाजेश्वरीच्या स्थानी बसून, म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, ज्यांच्या लीळांचा हा ग्रंथ, त्यांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, एखाद्या दक्ष अंमलदाराने जबान्या घ्याव्यात त्याप्रमाणे एकेक लीळा त्यांनी विचारून घेतली, आणि नागदेवाचार्यांकडून तिची रुजुवात करविली. त्याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सन्निध महदंबेने रुक्मिणीस्वयंवराचे 'धवळे' रचिले. रुक्मिणीचे माहेर मानले गेलेले कौंडिण्यपूरही याच अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी आहे. सुमेरप्रमाणे मराठीच्या काव्यारंभाशीही एका स्त्रीचे नाव उभे असावे, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, जिला महानुभाव 'खालशाची धाड' म्हणतात, लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला, आणि स्मरण माणसागणिक भिन्न असल्यामुळे पाठही अनेक झाले. विलक्षण धारणाशक्तीसाठी ख्यात असलेल्या हिराइसेचा पाठ त्यांपैकीच एक. यातील खरी थोरवी अशी की, महानुभाव लेखनिकांनी हे भेद दडपून एकच गुळगुळीत संहिता पुढे केली नाही; अमक्याच्या मते प्रसंग असा, तमक्याच्या मते तसा, अशी नोंद त्यांनी ग्रंथातच करून ठेविली.

ज्या शास्त्राला आपण पाठचिकित्सा म्हणतो, त्याचे काम येथून सुरू होते. नक्कल करणाऱ्याची दृष्टी एका ओळीच्या अखेरच्या शब्दावरून निघून, तोच शब्द पुन्हा जेथे आला आहे तेथे जाऊन पडते आणि मधला मजकूर गळतो. निप्पूरचा विद्यार्थी आणि वऱ्हाडातला पोथीकार या चुकीत एकसारखेच सापडतात. आता तीच गळती, त्याच ठिकाणी, दोन पोथ्यांत आढळली तर त्या दोन्ही एकाच सदोष प्रतीच्या संतती असण्याचा संभव बळकट होतो, आणि साक्षीदार म्हणून त्यांचे मोल दोन नव्हे तर एकच धरावे लागते. याउलट ज्या प्रतींचा परस्परांशी संबंध नाही त्या एका पाठावर जुळल्या, तर तो पाठ जुना मानण्यास आधार मिळतो. अशा रीतीने चुकांवरूनच पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

महानुभावांच्या पोथ्यांत आणखी एक अडसर होता. एका अक्षराच्या जागी दुसरे घालणाऱ्या 'सकळ', 'सुंदरी' इत्यादी सांकेतिक लिप्यांत त्या बद्ध होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यांतील सकळ लिपीचा उलगडा केला, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' प्रसिद्ध केले. आणि बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या वि. भि. कोलत्यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली लीळाचरित्राची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली.

असेच ताडण्याचे काम सुमेरी विटांवरही झाले. निप्पूरच्या उत्खननातील विटांचे तुकडे इस्तंबूल आणि फिलाडेल्फिया येथील संग्रहालयांत विभागले गेले होते; सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी उभय ठिकाणचे तुकडे जुळवून कितीतरी सुमेरी काव्ये पुन्हा वाचनीय केली. आपल्या पोथ्याही मठोमठी आणि निरनिराळ्या संस्थांच्या दप्तरांत विखुरल्या आहेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. मठांच्या महंतांची संमती घेऊन या पोथ्यांची छायाचित्रे एकत्र करण्याची आणि पानाशी पान ताडून पाहण्याची तजवीज त्याने सर्वप्रथम करावी.